टेलिफोन घळीतली सातवी फळी

अर्डिस पेंगेलीने आयुष्यात चार माणसांना फावड्याने मारलं. त्यांतल्या तिघांनी नंतर तिचे आभार मानले. चौथा तिचा जावई, कोल्बी रस्क. त्याने आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

आमच्या लेडफर्ड गावात तिचं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, तिने कोल्बीला बर्फातून जिवंत काढलं. दुसरा म्हणतो, तिने त्याला बर्फात मारायचाच बेत केला होता, तो फसला. दोन्ही तटांतली बहुतेक मंडळी त्या बुधवारी घरी शेकोटीपाशी बसली होती. मी तिथे होते, आणि माझ्या हातात घड्याळ होतं. म्हणून मी लिहिते आहे.

शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि अर्डिस स्वयंपाकघर चालवायची. एकशे दहा पोरांचं जेवण, मदतीला एक बाई, तीही निम्मे दिवस आजारी. अर्डिस पाच फूट दोन इंच. खांदे मात्र खाणकामगाराचे, आणि ते तिला बापाकडूनच आले होते. बटाट्याचं पोतं ती काखेत मारून न्यायची. कोणी ताटात टाकलं तर म्हणायची, "खा, नाहीतर उद्या हेच तुझ्या दप्तरात घालीन." आणि एकदा घातलंही होतं. त्या मुलाचा बाप भांडायला आला, तर त्याला बसवून तिने मांस-बटाट्याची गरम पेस्टी खायला घातली आणि तो लहान असताना किती टाकायचा ते ऐकवलं.

तिचा नवरा वॉल्ट खिंडीच्या रस्त्यावरचा बर्फ काढायचा. त्यांची मुलगी मार्ला चार वर्षांची होती त्या साली, मार्च महिन्यात, तो यंत्रातून उतरून साखळी बघत असताना वरून बर्फाचा लोट आला. लोट थांबला तेव्हा वॉल्टचा एक हात बर्फाबाहेर दिसत होता. आता हात दिसतो म्हटल्यावर माणसं काय करतील? चाळीस माणसं धावली, त्या हाताभोवती गोल करून उभी राहिली आणि सरळ खाली खणायला लागली. वॉल्ट हातभर खाली होता. त्याच्या तोंडापुढे थोडी पोकळी होती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. चाळीस माणसांच्या बुटांनी ती दाबली गेली. वर काढला तेव्हा तोंडात बर्फ ठासून भरलेला होता, बंदुकीच्या नळीत दारू ठासतात तसा. त्या चाळीसांत अर्डिसही होती. ती त्याच्या छातीवर उभी होती, हे तिला खड्ड्याच्या मापावरून कळलं. तिने ते मला एकदाच सांगितलं, कांदे चिरताना, आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

त्यानंतर ती गावाच्या बचाव पथकात गेली आणि खणणाऱ्यांची मुकादम झाली. शोधणारे वेगळे असतात. त्यांचं काम यंत्रावरचं. आमच्याकडे डोंगरात जाणारा प्रत्येक जण छातीशी बीकन बांधतो. ते सतत खुणेचा आवाज सोडतं आणि शोधणाऱ्याच्या बीकनला तो ऐकू येतो. आवाज सापडला की लांब सळई खुपसून माणूस नक्की कुठे आहे ते बघायचं. तिथून पुढे अर्डिसचं राज्य. वरून खणायचं नाही. सळईच्या खालच्या अंगाला, उताराकडे, लांब मागे उभं राहायचं आणि आडवं आत शिरायचं, पाचर ठोकल्यासारखं. टोकाला एक, त्याच्या मागे दोन-दोन. पुढचा फोडणार, मागचे बर्फ मागे लोटणार. मिनिट झालं की ती ओरडायची, "बदल." पुढचा मागे, मागचा पुढे. जो हलायचा नाही त्याच्या ढुंगणावर फावड्याचं सपाट पातं बसायचं. तहसिलातला कारकून एकदा खाऊन गेला, आमचे पाद्री एकदा. तिसरी मी. मीही आभार मानले, पण आठवडाभर उभ्याने शिकवलं.

आता त्या आठवड्याकडे येते.

शुक्रवारी रस्तेवाल्यांनी सुरुंग लावून टेलिफोन घळ रिकामी केली होती. घळीला हे नाव पडलं कारण जुन्या काळी तिने तारेचे खांब तीनदा नेले. खाली रस्त्याच्या कडेला लोटाचा ढिगारा पडला होता, एक रात्र गेल्यावर सिमेंटसारखा घट्ट. सरावाला अशी जागा बरी, म्हणून रविवारी आम्ही तिथे जमलो. सरावासाठी पथकाकडे सात फळ्या होत्या. हातभर चौरस प्लायवूड, त्याला बांधलेलं चालू बीकन, वर कापडी पिशवी. फळी अशासाठी की सळई टेकली की हाताला कळावं. या फळ्या पुरायच्या, सराव झाला की उकरून मोजून परत घ्यायच्या आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम अर्डिसचं. दुसऱ्या कोणाच्या मोजणीवर तिचा भरवसा नव्हता.

सराव संपत आला होता. ती फळ्या पोत्यात टाकत होती तेवढ्यात फोन वाजला. मी शेजारीच होते.

"आई, तू येतेस का इकडे?" मार्लाचा आवाज मलाही ऐकू आला.

"काय झालं?"

"काही नाही गं. हात जरा... कोपर सरळ होत नाहीये."

"पडलीस?"

मार्लाने नाक ओढलं.

"मार्ला, पडलीस का असं विचारतेय."

"नाही."

अर्डिसने फोन खिशात टाकला. वहीत सात लिहिले, वही पथकप्रमुख ऑट्टो झानोनीकडे फेकली आणि गाडीत बसली. पोत्यात सहा होत्या. ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही. कोणाच्या यायची? तिचा आकडा आम्ही कधी तपासतच नव्हतो.

मार्लाच्या घरी काय झालं ते मला मार्लाने सांगितलं. कोल्बी पायरीवर बिअर पीत बसला होता. तो म्हणाला, "या सासूबाई, बरोबर जेवणाच्या वेळेला आलात." अर्डिसने गाडीच्या मागच्या भागातून फावडं काढलं, सरळ चालत गेली आणि त्याच्या तोंडावर मारलं. पुढचे दोन दात गेले. तो मागे दारावर आदळला, उठून अंगावर आला, तर तिने पुन्हा उगारलं. तो तिथेच बसला. आत मार्ला एका हाताने पिशवी भरत होती. कपडे, औषधं, कागद, आणि स्वतःचं बीकन. ते तिला स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरच्या नोकरीत मिळालं होतं. कोल्बीने स्वतःचं असं कधी घेतलंच नाही. स्नोमोबाईलवर जाताना तो मार्लाचं गळ्यात टाकून जायचा. दोघी शहरातल्या दवाखान्यात गेल्या, वाटेत पोलिसाकडे थांबल्या. पोलिसाने दोन तक्रारी लिहून घेतल्या, एक कोल्बीच्या नावाने, एक अर्डिसच्या. अर्डिस म्हणाली, "माझी नीट लिही. दोन दात, दोन."

सोमवारपासून वादळ लागलं. त्या वर्षी नोव्हेंबरमधला पहिला बर्फ पातळ पडला होता आणि थंडीने त्याची साखर झाली होती, मुठीत धरली तर निसटते तशी; शुक्रवारच्या सुरुंगानंतरही ती वर तळाशी राहिली होती. त्यावर तीन दिवसांत कमरेएवढा नवा बर्फ, आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे पलीकडच्या अंगाचा सगळा उचलून टेलिफोन घळीच्या माथ्यावर आणून टाकलेला. मंगळवारी शाळेच्या खिडकीतून डोंगर बघत अर्डिस म्हणाली, "साखरेवर पाव ठेवलाय. कोणी बोट लावू नये म्हणजे झालं." रस्तेवाले बुधवारी दुपारी पुन्हा सुरुंग लावणार होते.

कोल्बीने दुपारची वाट बघितली नाही. बुधवारी सकाळी तो आणि त्याचा दोस्त ट्रॉय स्नोमोबाईल घेऊन वर गेले. दोन दिवस तो घरात बसून प्यायला होता आणि गावात त्याच्या दातांवर विनोद चालले होते. वर जाऊन त्याला यंत्राचा कान पिळायचा होता, एवढंच.

ट्रॉय सांगतो, आधी पायाखाली 'हूंफ' असा आवाज झाला, एखाद्या घराने एकदम खाली बसावं तसा. मग त्यांच्या वर तडा गेला. तो तडा घळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला आणि अख्खा उतार एका तुकड्यात सुटला. पहिल्या शंभर फुटांत त्या तुकड्याच्या खोल्यांएवढ्या शिळा झाल्या, पुढच्या शंभर फुटांत शिळांचं पीठ. ट्रॉय कडेला होता. त्याने यंत्र आडवं पळवलं आणि झाडांत घुसला. कोल्बी मधोमध होता. ट्रॉयला त्याचा हात दिसला, मग यंत्राचं पोट दिसलं, मग नुसता धूर. लोटाच्या पुढे वारा येतो तो लोटापेक्षा वाईट. कडेचे स्प्रूस वृक्ष, माझ्या आजीच्या वेळचे, त्याने कमरेतून मोडले. रस्त्यापलीकडचं लोखंडी कुंपण नदीत गेलं.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. ट्रॉयने वायरलेसवर ओरडून कळवलं. आम्ही चौदा जण दहा चोपन्नला तिथे पोचलो. तड्याच्या वरचा उतार अजून लटकत होता, म्हणून ऑट्टोने एकाला शिट्टी देऊन वर नजर ठेवायला उभं केलं. शिट्टी वाजली तर सगळं टाकून उजवीकडे पळायचं. माझं काम वेळेचं: दर दोन मिनिटांनी मोठ्याने सांगायचं, किती झाली. अर्ध्या तासानंतर खाली कोणी जिवंत सापडणं कठीण, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

ट्रॉय ढिगाऱ्याच्या खालच्या टोकाला एकटाच वेड्यासारखा खणत होता. त्याने आपल्या बीकनवर आवाज पकडला होता आणि सळईला काहीतरी लागलंही होतं, सव्वादोन मीटर खाली.

"सापडलाय," तो म्हणाला. त्याचं नाक वाहत होतं. "लवकर या, सापडलाय."

"वरून खाली उतर," अर्डिस म्हणाली. "त्याच्या डोक्यावर उभा आहेस."

तिने माणसं लावली. पण खणायला सांगण्याआधी तिची एक रीत होती: सळई स्वतः खुपसायची. दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर ती कोणाची पाठ मोडत नसे. तिने खुपसली. वीतभर बाजूला सरकून पुन्हा खुपसली. मग दुसऱ्या बाजूला. तिन्ही वेळा एकाच खोलीवर टेकली, आणि तिन्ही वेळा टक्क.

सळईच्या टोकाला माणूस लागला की मळलेल्या कणकेसारखा लागतो, थोडा दबतो आणि सळई परत ढकलतो. डोकं लागलं तर कडक लागतं, पण डोकं गोल असतं. वीतभर सरकलं की सळई घसरते.

ती सळई धरून उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती काहीतरी मोजत होती, ओठ न हलवता.

"सोळा मिनिटं," मी म्हणाले.

"थांबा सगळे," अर्डिस म्हणाली. "ही माझी फळी आहे."

"काय?" ऑट्टो म्हणाला.

"सरावाची फळी. रविवारी मी सहा उचलल्या आणि सात लिहिल्या. कोल्बी इथे नाहीये."

"हेल्मेट लागलं असेल," ट्रॉय ओरडला. "कडक लागतंय ते हेल्मेट आहे."

"तो आज हेल्मेट घालून गेला होता?"

कोल्बीची लोकरीची टोपी गावाला माहीत होती. हेल्मेट पोरींसाठी असतं, असं तो दारूच्या गुत्त्यात सांगायचा.

"पण बीकन वाजतंय ना," ट्रॉय म्हणाला. "कोल्बीकडे बीकन असतं. मी स्वतः बघितलंय."

"ते मार्लाचं. ते रविवारपासून माझ्या घरात, कपाटात पडलंय. खाली जो माणूस आहे तो वाजत नाहीये, ट्रॉय. त्याला सळईनेच शोधावा लागेल."

त्याबरोबर ट्रॉय तिच्या अंगावर गेला. त्याच्या हातात फावडं होतं; मारायचं म्हणून उचललं की नुसतंच हातात होतं, देव जाणे, पण कड तिच्या भुवईवर बसली. कातडी उघडली आणि रक्त गालावरून कॉलरमध्ये उतरलं. "मारायचाच आहे तुला त्याला," तो म्हणत होता, "दात पाडून भागलं नाही. सगळ्यांना इथून हलवायचंय तुला, म्हातारे." अर्डिसने त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तो बसल्यावर त्याच्या फावड्याचा दांडा बुटाखाली दाबला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती ऑट्टोकडे बघत होती.

ऑट्टो आणि ती पहिलीपासून एका वर्गातली. तो हळू बोलतो. "अर्डिस, चुकलीस तर?"

"तर तो इथेच आहे आणि मेला, आणि मी मारला."

"किती खात्री?"

"तीनदा खुपसलंय मी. ऑट्टो, रविवारी मी त्याचं तोंड फोडलंय, हे तुला माहीत आहे. तुला वाटत असेल मी खोटं बोलतेय तर आत्ता सांग, मी गाडीत जाऊन बसते आणि तू खण. पण लवकर सांग."

"अठरा मिनिटं," मी म्हणाले.

ऑट्टोने ट्रॉयकडे बघितलं, सळईकडे बघितलं, वर लटकणाऱ्या उताराकडे बघितलं. "ट्रॉय, तू इथे खण," तो म्हणाला. "बाकीचे सगळे अर्डिसबरोबर."

मी त्या माणसाला आयुष्यभर मंद म्हणत आले. तेव्हापासून म्हणत नाही.

स्नोमोबाईल ज्यांवर घसरते त्यांतली एक पट्टी ढिगाऱ्यातून वर आलेली होती, साठ-सत्तर पावलं वर, जिथे घळ वळते तिथे. यंत्र जड असतं, ते पुढे जातं. माणूस त्याच्या मागे राहतो, वरच्या अंगाला. अर्डिसने त्या पट्टीपासून वर अकरा माणसांची रांग लावली, खांद्याला खांदा. प्रत्येकाच्या हातात सळई. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, एक पाऊल पुढे. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, पाऊल. ती रांगेच्या टोकाला होती आणि आज्ञा तीच देत होती. दर थोड्या वेळाने ती डोळ्यातलं रक्त बाहीने पुसायची, तेव्हा तिचा आवाज एक क्षण थांबायचा आणि रांगही थांबायची. शेवटी तिने पुसणं सोडून दिलं.

"बावीस."

कोणीतरी रांगेत खोकत होतं. पाद्री मोठ्याने प्रार्थना करायला लागले तर ती म्हणाली, "मनात करा, मला ऐकू येत नाही." डावीकडे, मध्ये, उजवीकडे, पाऊल.

"चोवीस."

वरून बर्फाचा एक लहानसा ओहोळ सुटला आणि झाडांपाशी थांबला. शिट्टीवाल्याने शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही. रांग जागची हलली नाही, पण सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

"खाली बघा," अर्डिस म्हणाली. "पाऊल."

सत्तावीस मिनिटांनी खालून ट्रॉयची किंकाळी आली. आम्हाला वाटलं, सापडला. मग त्याने हातात धरून वर दाखवलं ते चौरस प्लायवूड होतं, त्याला लटकणारी पिशवी. त्याने ते दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं, आणि मग फावडं घेऊन चढ चढत आमच्याकडे पळत आला. अर्डिसने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्याला म्हणाली, "लूपेच्या शेजारी. सळई घे."

लूपे अर्चुलेटा रुग्णवाहिकेवरची परिचारिका. एकोणतिसाव्या मिनिटाला तिने हात वर केला. "मऊ," ती म्हणाली. "दीड मीटर. मऊ आहे, अर्डिस."

अर्डिसने जाऊन एकदा खुपसली आणि सळई तशीच उभी सोडली. "सळईच्या वरच्या अंगाला कोणी पाय ठेवायचा नाही. जो ठेवेल त्याचा पाय मोडीन."

आणि मग जे सुरू झालं त्याला काम म्हणावं की मारामारी, मला सांगता येत नाही. ढिगारा दगड झाला होता. फावडी त्यावर ठिणग्या पडाव्यात तशी वाजत होती. पुढचा पातं घालून उपटायचा, मागचे खेचायचे, आणि "बदल", आणि जो जागा सोडायला अर्धा क्षण लावेल त्याच्या पाठीत दांडा. पाद्रींना एक बसला, तहसिलातल्या कारकुनाला दोन. एका माणसाच्या फावड्याचं पातं मोडलं, तर तो हातांनी ओढायला लागला आणि त्याची नखं गेली. ट्रॉय पुढे गेला की "बदल" ऐकून मागे सरेना. अर्डिसने त्याला गळपट्ट्याला धरून मागे फेकला आणि तो पुन्हा रांगेत लागला.

"पस्तीस," मी म्हणाले. नंतर मी सांगणं बंद केलं. ऑट्टोने माझ्याकडे बघून मान हलवली होती.

सदतिसाव्या मिनिटाला टोपी दिसली. डोकं उताराकडे, एक कोपर तोंडासमोर वाकलेलं. त्या कोपराने तोंडापुढे नारळाएवढी जागा राखली होती. चेहरा निळा. ओठांच्या मागे दातांची मोकळी जागा. लूपेने बोटं मानेत घातली. "नाडी आहे. श्वास नाही. छाती मोकळी करा."

छाती मोकळी व्हायला अजून वेळ होता, आणि खड्ड्यात त्याच्या तोंडापर्यंत पोचेल एवढी जागा एकाच माणसाला होती, डोकं खाली करून. अर्डिस आत होती. तिने त्याच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला, आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवलं आणि फुंकलं. तिच्या भुवईचं रक्त त्याच्या कपाळावर ठिबकत होतं. ती फुंकायची, तोंड वळवून दम घ्यायची, पुन्हा फुंकायची. आम्ही वरून तिचे पाय धरले होते. पुढे कधीतरी मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटत होतं. ती म्हणाली, "दारूचा वास येत होता." एवढंच.

एक्केचाळीस मिनिटांनी कोल्बीने स्वतःहून श्वास घेतला. तो आवाज चांगला नव्हता, गाढवासारखा होता, पण ऐकून कारकून रडायला लागला. छाती, मग पोट, मग पाय मोकळे केले. एक पाय मांडीत मोडला होता. त्याला फळीवर बांधून खाली नेताना त्याने डोळे उघडले, अर्डिसला ओळखलं आणि एक घाण शिवी दिली.

"शुद्धीवर आहे," अर्डिस लूपेला म्हणाली.

शुक्रवारी अग्निशमनाच्या शेडमध्ये पथकाची बैठक झाली. अर्डिसच्या भुवईला सात टाके घातलेले, डोळा बंद झालेला. ती उठून म्हणाली, "मी सहा मोजल्या आणि सात लिहिल्या. ट्रॉयने तिथे वीसेक मिनिटं घालवली, ती माझी. कोल्बीच्या डाव्या हाताची तीन बोटं थंडीने गेली, तीही माझ्या नावावर धरा. यापुढे मोजणी मला देऊ नका." कोणीतरी म्हणालं, अगं, तू फोनवर होतीस. तिने त्याला गप्प केलं. मोजणी दोघांकडे दिली गेली, खणणं तिच्याकडेच राहिलं. ट्रॉय दाराशी उभा होता. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, मला पथकात घ्याल का. अर्डिस म्हणाली, "'बदल' ऐकल्याबरोबर जागा सोडायला शिक, मग ये."

एप्रिलमध्ये मार्लाच्या कोपराचा खटला उभा राहिला. मार्ला साक्ष देणार की नाही हे आदल्या दिवशीपर्यंत ठरलं नव्हतं. दवाखान्यात ती कोल्बीला दोनदा बघायला गेली होती. अर्डिस तिला एका शब्दाने बोलली नाही, आणि हे तिला किती जड गेलं असेल ते तिचा स्वभाव माहीत असणाऱ्यालाच कळेल.

कोल्बीच्या वकिलाचा बेत सरळ होता. मार्ला पडली म्हणून हात मोडला. तक्रार सासूने रचली. आणि सासू अशी की जावई बर्फाखाली असताना तिने अख्ख्या पथकाला त्याच्यापासून दूर नेलं. फळीची गोष्ट त्याने खूप वेळ चघळली. वही आणली, सात हा आकडा न्यायाधीशांना दाखवला.

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत."

"चुकीचं लिहिलं."

"आणि त्याच चुकीमुळे माझ्या अशिलाचा जीव जात होता."

"हो."

वकिलाला वाद हवा होता. मग त्याने विचारलं, "बाई, शपथेवर सांगा. तो मरावा असं तुम्हाला वाटत होतं की नाही?"

"रविवारी वाटत होतं," अर्डिस म्हणाली. "बुधवारी मी कामावर होते."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वकील आणखी काही विचारायला वळला तेव्हा मागच्या बाकावरून मार्ला उठली. तिला अजून बोलावलं नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, तुम्हाला काही सांगायचंय का? ती म्हणाली, हो, सगळं सांगायचंय, आजच. तिचं कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं. शपथेला तिने हात जाईल तेवढा वर केला. मग तिने सहा वर्षांचं सांगितलं, तारखांसकट. आईने तोंडात घातलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. अर्डिसला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. ती साक्षीदारांच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली आणि कोल्बीकडे तिने एकदाही बघितलं नाही.

कोल्बीला चौदा महिन्यांची कैद झाली. दातांबद्दल अर्डिसला साठ दिवसांचं सक्तीचं सार्वजनिक काम मिळालं. तिने गुन्हा आधीच कबूल केला होता.